भट्टीतली म्हातारी

११ ऑगस्ट, सोमवार

श्रुतिका,

मी तुह्याशी दोन सालापासून बोलत नाही, अन् हे पत्र लिहिलं म्हणजे बोलली असं समजू नको. काम पडलं म्हणून लिहून राह्यली. फोन तुह्या बापाजवळ असते, नाही तर नूतनजवळ, अन् दोघा बापलेकीचे कान सुपाएवढे. माहेरी आमगावकडे तिसरीपर्यंत शाळेत गेलती, तेवढीच मराठी आहे माह्याजवळ. तू इकडच्या हिंदी शाळेत शिकली तरी अक्षरं तीच. अडखळत वाच. तुले तिथं घाई कशाची आहे?

मुद्द्याचं सांगतो. तुनं नूतनच्या फोनवर जो फोटो धाडला, तो तिनं मले दाखवला. "आजी, ओळख पाहू कोण आहे?" म्हणे. मी चष्मा लावला. कोण आहे म्हणजे? मीच आहे. माहं नाक, माह्या हनुवटीवरचं गोंदण, ओठाजवळचा मस. केस तेवढे कुत्र्यानं ओढल्यासारखे. नूतन हासून हासून लोळत होती. "ताईनं तुह्या चेहऱ्याचा मुखवटा करवून घेतला. जर्मनीच्या नाटकात चेटकीण घालणार आहे!"

तुह्या बापानं लग्न ठरवलं, साखरपुड्याचे पाहुणे सांगून झाले, अन् तू शिवणकाम शिकाले म्हणून विमानात बसून गेली. म्हणलं जाऊ दे, नाटकवाल्यांचे कपडे शिवीन, पोट भरीन. आता आजीचं तोंड बाजारात मांडलं?

मंग नूतननं त्या नाटकाची गोष्ट सांगितली. भाऊ-बहीण जंगलात हरवतात. साखरेचं घर दिसते. घरात म्हातारी. ती पोट्ट्याले कोंडून लठ्ठ करते, भाजून खाईन म्हणते, अन् पोट्टी तिलेच भट्टीत ढकलून देते. मंग सगळे नाचतात. अन् हे सगळं बोलत नाहीत म्हणे, गातात. रागावले तरी गातात, भूक लागली तरी गातात. आपल्या गावच्या दंडारीच्या खेळात निदान मधात एखादा येऊन हासवून तरी जाते.

तुही डायरेक्टरीण मोठी शहाणी दिसते. ती म्हणे, ही म्हातारी राक्षसीण नाही. याच शहरात चारशे सालाआधी कितीक बाया चेटकिणी म्हणून जाळल्या, त्यातलीच ही एक. म्हणून मुखवटा भयानक नको, कोणाच्याही घरच्या आजीसारखा पाहिजे. अन् तू हात वर केला. माही आजी आहे, म्हणली.

तुहा हेतू चांगला असीन. हेतूनं भाजी शिजत नाही.

काम एवढंच आहे. ते नाक बदलून टाक. गोंदण तर पहिले पूस.

काहून, ते विचारू नको. नूतननं तो फोटो स्टेटसवर टाकला, खाली लिहिलं, "हमारी दादी जर्मनी में." साऱ्या गावानं पाहिला. लोकं आहेत, तोंड आहे, बोलतात. तसं इथं सगळं ठीक आहे. पाऊस बरा आहे, धानाची रोवणी झाली. बाजूच्या संध्याच्या गुड्डीले बरं नाही, हातपाय सुजतात, डोळे हळदीवाणी झाले. संध्याच्या घरून ताक येत होतं ते बंद झालं. मले असाही ताकानं खोकला होते.

उत्तर पत्रानंच दे. पोस्टातला खेमराज माह्या हातात देते, बाकी कोणाच्या नाही.

रुख्माबाई

२५ ऑगस्ट, नारबोदीच्या दुसऱ्या दिवशी

श्रुतिका,

तुह्या उत्तराची वाट पाहत बसली नाही. मागच्या पत्रात सगळं ठीक आहे लिहिलं, ते अर्धंच खरं होतं.

तुले जिवतीची अवस आठवत असीन. लोहार दारोदार येते, चौकटीत खिळा ठोकते, कडुनिंबाचा डगाळा खोचते, सूपभर धान घेऊन जाते, म्हणजे घरात बाहेरचं काही शिरत नाही. औंदा फकिरा लोहार आला. आता आपलं घर आवास योजनेतलं, चौकट लोखंडाची. मी म्हणलं, "फकिरा, लोखंडात खिळा कसा ठोकशीन? रंगच उडीन. धान घे अन् जाय." त्यानं धान घेतलं अन् गेला. गावातल्या बाकीच्या आवासवाल्यांनी खिळा भिंतीत ठोकून घेतला. मले नवं प्लास्टर फोडाचं नव्हतं. एवढंच झालं बाई, प्लास्टर.

फकिरा वाईट माणूस नाही. पुढच्या घरी चहा पिता पिता सहज बोलला, "रुख्माबाईनं औंदा खिळा ठोकू दिला नाही." त्याच आठवड्यात गुड्डी पडली. अन् मंग तुहा फोटो आला. खिळा, पोरीचं दुखणं, फोटो. तीन दगडं जमले की चूल होते.

तेजराम भगत आला, तांदूळ टाकून पाहिले, अन् म्हणे, ज्या घराले खिळा नाही त्या घरातून आलं. हे सांगाले भगत कशाले पाहिजे? गाव आठ दिवसापासून तेच सांगून राह्यलं होतं.

मी संध्याच्या दारात गेली. म्हणलं, "संध्या, हे सिकल आहे व, रक्ताचा आजार. आमच्या सुनेले हेच होतं, हेच डोळे, हेच सुजणं. तिले नेता नेता उशीर झाला. तू बालाघाटले ने पोरीले, रक्त चढवतीन."

"काकी, तुमी जा."

"अवं पण पोट्टी..."

"तुमच्या पाया पडते, काकी. तिच्याकडे पाहू नका."

आतून तिचा सासरा बाबूलाल ओरडला, "काय वं रुख्मा, अजून खायचं राह्यलं काय काही?"

मी म्हणलं, "तुह्या घरचं वरण खाऊन पाहिलं आहे मी, बाबूलाल. त्याच्यानं नाही मेली, आता तुह्या घरचं काय खाईन?"

असं बोलायचं नव्हतं. जीभ कुठं ऐकते. संध्यानं दार लावून घेतलं.

काल नारबोद होती. तूही लहानपणी त्या बुजगावण्यामागं ओरडत गावभर फिरायची, "ताप खोकला घेऊन जाय गे नारबोद!" शिवेवर नेऊन जाळेपर्यंत घरी येत नव्हती. दर साली नारबोद आपल्या दारासमोरून जाते. औंदा थांबली. तिच्या तोंडाले कागद लावलेला होता. किरनापूरच्या दुकानातून तुहा फोटो मोठा करून आणला होता पोट्ट्यांनी, रंगीत. नाक, गोंदण, मस, सगळं जागच्या जागी. मी अंगणात उभी अन् मीच समोर काठीवर. पोट्टे "घेऊन जाय गे" म्हणत होते, अन् पुढं नारबोदीचं नाव घेत नव्हते. माहं घेत होते.

तुहा बाप आत बैलाले कुटार टाकत होता. टाकलेल्यावर पुन्हा टाकत होता. बाहेर काही आला नाही.

शिवेवर धूर दिसला तेव्हा मी भांडे घासाले बसली.

हे सारं सोड. नूतनचं लग्न हट्टा गावाले जुळलं आहे. पोरगा रवी, मोबाईलचं दुकान आहे, नूतनले आवडला आहे, तिच्याकडे पाहून कळते. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त. काल सांजी त्याच्या मायचा फोन आला. "दादीचं काय ऐकून राह्यलो आम्ही?" माहं काय होते ते पाहता येईन. त्या पोरीचं मोडलं तर दुसरं जुळणार नाही, हे तुही डायरेक्टरीण नाही समजणार, तू समज.

रुख्माबाई

१४ सप्टेंबर, पितरं चालू

श्रुतिका,

तुहं पत्र भेटलं. रडली असं लिहिलं. रडाले पैसे पडत नाहीत, रड. नाक बदललं म्हणते, ते बरं केलं, पण फोटो आता साऱ्या तहसीलभर फिरून राह्यला.

तू लिहिलं, पोलिसात दे, कलेक्टरले अर्ज कर. पोलीस येतीन, ओट्यावर खुर्च्या टाकून बसतीन, चहा पितीन, दोघातिघाले दम देतीन, जातीन. मंग मी अन् गाव. अन् त्या चहासंगं नूतनचं नाव बी हट्ट्याले पोचीन.

तू म्हणते सुट्टी घेऊन येतो. येऊ नको आता. काहून ते सांगतो. तेजरामनं नवंच काढलं आहे. तो म्हणते, ही विद्या पुढं दिल्याबिगर म्हातारीचा जीव जात नाही, तर हिनं कोणाले दिली ते पहा. मोठी तर तिकडे विलायतेत चेटकिणीचंच काम करून राह्यली, फोटो आहे. उरली लहानी. परवा नूतन पाण्याले गेली तर हापशीवरच्या बाया आपापले पाण्याचे गुंड उचलून निघून गेल्या. पोट्टी घरी आली अन् माह्यासंगं बोलली नाही. तिचा राग मले समजते. स्टेटस तिनंच टाकलं होतं, पण रागाले कुठंतरी जागा पाहिजे.

तुनं तिथं चेटकीण म्हणून जाळलेल्या बाईचं लिहिलं, कोर्टाच्या जुन्या कागदात नाव आहे म्हणते जिचं. पहिल्या दिवशी नाही म्हणाली. मंग बोटं पिळली, मंग हौ म्हणाली. मंग विचारलं, आणखी कोण कोण होत्या तुह्यासंगं? तिनं शेजारणीचं नाव घेतलं, मंग नणंदेचं, अन् शेवटी पोटच्या पोरीचं. मी ते दोनदा वाचलं. तुम्ही त्याच्यावर गाणं लावलं म्हणते. कोणत्या चालीवर लावलं असीन बापा.

इकडे माहं बोट कोणी पिळून राह्यलं नाही. इकडे गोड बोलून राह्यले. बाबूलालनं तुह्या बापाच्या हातून निरोप धाडला. गावाच्या बैठकीत रुख्मानं हौ म्हणावं, नारळ अन् काळी कोंबडी द्यावी, केलेलं काढून घ्यावं, गाव माफ करीन. काल जेवताना तुहा बाप धर्मेंद्र म्हणे, "माय, म्हणून टाक ना व. म्हणल्यानं काय होते?"

मी म्हणलं, "अन् पुढं विचारलं, कोणाले दिली, तर?"

तो भात कालवत राह्यला.

गुड्डीले अजून दवाखान्यात नेलं नाही. सकाळी तिच्या कण्हण्याचा आवाज भिंतीतून येते. ताईत बांधला आहे. एका हाताले जागा नाही म्हणून दुसऱ्या हाताले बांधला. तुह्या मायचा आवाज असाच येत होता. बैठक दसऱ्यानंतर ठेवली आहे, पितरात अन् नवरात्रात असं काही करत नाहीत. पोरगी तेवढे दिवस काढते का नाही, याचा विचार कोणी केला नाही.

रुख्माबाई

६ ऑक्टोबर, बालाघाट

श्रुतिका,

पत्ता बदलला ते पाहिलं असशीन. सांगतो.

बैठक सकाळी बजरंगबलीच्या ओट्यावर झाली. सारं गाव. बायाही आल्या, एरवी येत नाहीत. तेजराम दिवा लावून बसला होता. मले समोर बसवलं. तुहा बाप मागं, खाली मान घालून. नूतन भिंतीले टेकून.

तेजराम म्हणे, "रुख्माबाई, संध्याच्या पोरीवर तुनंच केलं काय?"

मी घरून ठरवून गेलती, नाही म्हणून उठून यायचं. पण रात्रभर गुड्डीचा आवाज आला नव्हता, अन् तो न येणं मले जास्त ऐकू येत होतं. मी म्हणलं, "हौ. मीच केलं."

सारे एकदम मागं सरकले. एवढ्या उमरीत माह्या बोलण्यानं कोणी इतभर हाललं नव्हतं.

"मंग काढ."

"काढतो. पण इथं निघत नाही. मी टाकलं ते रक्तात टाकलं. जुन्या रक्तातून निघत नाही, नवं चढवावं लागते. आत्ताच्या आत्ता गाडी करा, बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टर सोडीन तोवर तिथंच ठेवा, अन् पुढं तो म्हणीन तेव्हा तेव्हा न्या. ज्यानं मधातच पोरीले उचलून घरी आणलं, त्याचं काळीज मी खाईन." असं म्हणून बाबूलालकडे पाहिलं. त्याचा हात छातीवर गेला, देवाशपथ.

तेजराम म्हणे, "अन् कोंबडी?"

"कोंबडी पाहिजेच. काळी. तू ने आपल्या घरी, तुह्याशिवाय कोणाले ते जमत नाही." त्याचं समाधान झालं.

मंग बाबूलालनं विचारलंच. "विद्या कोणाले दिली?"

सारे नूतनकडे पाहाले लागले. पोट्टी पांढरी पडली होती. मले तुही ती कागदातली बाई आठवली. तिची बोटं पिळत होते, माही मोकळी होती, म्हणून मले सोपं होतं. मी म्हणलं, "कोणाले देऊ? मोठीले देणार होती, ती विमानात बसून पळाली, आता तिकडे लोकाईचे घागरे शिवते. अन् या लहानीले वरणात मीठ किती टाकावं ते समजत नाही, हिले मंत्र काय समजीन? घरात एक बी कामाची निघाली नाही. माह्यासंगंच जाईन सगळं."

बायांमधून कोणीतरी हासलं. मंग आणखी दोघीतिघी. हासल्या तशी मी समजली, पोट्टी सुटली.

बाबूलाल म्हणे, "तरी तुले गावात राह्यता येणार नाही." मी म्हणलं, "गाडीत जागा असीन तर गुड्डीसंगंच जातो." कोणाले पटलं नाही ते. गुड्डीची गाडी पुढं गेली, मी मागून धर्मेंद्रच्या मोटारसायकलीवर. माही पेटी त्यानं मांडीवर घेऊन चालवली, त्याले तेवढं येते.

स्टेशनमागं खोली घेऊन दिली. नळ बाहेर आहे. स्टो आहे, चटई आहे, मालकीण बहिरी आहे, म्हणजे चांगली आहे. जाताना तुहा बाप दारात उभा राह्यला, चाबी फिरवत. मले वाटलं काही तब्येतीचं सांगीन. म्हणे, "माय, खरंच केलं होतं काय व?"

माह्या पोटचा आहे तो.

मी म्हणलं, "हौ." आता गावाले एक सांगावं अन् त्याले एक, ध्यानात कोण ठेवीन?

तो माह्या पाया न पडता गेला.

रुख्माबाई

९ नोव्हेंबर, बालाघाट

श्रुतिका,

तुह्या दोन पत्राचं उत्तर एकातच देऊन राह्यली. पोस्ट दूर आहे अन् गुडघा चालत नाही.

तुनं लिहिलं, तुम्ही नाटकाचा शेवट बदलणार. म्हातारी भट्टीतून जिवंत निघीन अन् सारं गाव तिची माफी मागीन, अन् हे तुह्या सांगण्यावरून करून राह्यले. तसं करू नको. माफी मागताना गाव मी पाह्यलं नाही, तू बी पाह्यलं नाही, मंग गाणाऱ्याईले कसं शिकवशीन? लेकरं जिवंत घरी जातात ना शेवटी? जाऊ दे त्याईले. म्हातारीले जळू दे. फक्त तिच्या अंगावर चांगला कपडा घाल, काठाचा. तू फाटके अन् ठिगळाचे शिवून राह्यली असशीन. फाटका घातला की पाहणाऱ्याले वाटते, हिचं कोणी नव्हतं.

गुड्डी बरी झाली. रक्त चढवलं, गोळ्या चालू आहेत, महिन्याले दवाखान्यात आणतात. बाबूलाल स्वतः आणते म्हणे, एक बी तारीख चुकवत नाही, काळजाची भीती आहे. पोरगी वाचली म्हणून गावाची खात्री झाली की मीच केलं होतं. मेली असती तरी तेच म्हणाले असते. त्याच्यात माहं काही हरवलं नाही.

परवा बसस्टँडवर दिसली. मी भाजी घेऊन येत होती, संध्या बाकावर बसून तिले समोसा चारत होती. गाल भरले आहेत पोरीचे, लाल रिबिनी, डोळे पांढरे स्वच्छ. मी पाहतच राह्यली जरा. तिनं वर पाहिलं. समोसा हातातून पडला, अन् एवढी जोरात ओरडली की ऑटोवाले वळून पाहाले लागले. मायच्या पोटात तोंड घालून, "आली, आली, ते आली." संध्यानं मले दुरूनच हात जोडले. देवाले जोडतात तसे नाही, पोलिसाले जोडतात तसे. मी दुसऱ्या बाजूनं निघून आली. पोरगी घाबरून पुन्हा तापली तर औषध मधातच राहीन.

आता लग्नाचं. हट्टेवाले तयार झाले. त्याईची अट आहे, म्हातारीची सावली मांडवात नको. धर्मेंद्र विचाराले आला होता, बाहेर नळाजवळच उभा होता. मी म्हणलं, हौ म्हणून सांग, अन् पाणी भरून दे आला आहे तर. त्यानं भरून दिलं.

नूतन एकदा येऊन गेली, तोंडाले ओढणी बांधून. बसली नाही. मेहंदी कोणती काढू म्हणून फोनवर दाखवत होती. मी म्हणलं बारीक नक्षीची काढ, तुहे बोटं जाड आहेत. मंग गेली.

तू ये. पाहिजे तर मी बोलत नाही हे बी सोडून देतो, पण ये. नूतनच्या मागं उभं राहाले घरची एक बाई पाहिजे, मायही नाही, मीही नाही. तुहा बाप दार उघडीन, मी त्याले सांगितलं आहे. बालाघाटले उतरली की इकडे वळू नको. कोणी पाहिलं तर लहानीच्या अंगावर येईन. स्टेशनावरून सरळ गावाकडची गाडी पकड.

मांडवात हट्ट्याची एखादी बाई विचारीन, "तुमची दादी दिसत नाही?" तर म्हण, वारली. एवढंच म्हण अन् पुढच्या पंगतीत वाढाले जाय. तिथं थांबून रडू नको. रडशीन तर ती जवळ येईन, पाठीवरून हात फिरवीन, कशानं वारल्या म्हणून विचारीन, अन् तू खरं सांगून बसशीन.

रुख्माबाई